विवाहापूर्वीचे घर : भाडे, विक्री आणि प्राप्तिकर

अकोला आणि अमरावती ही वऱ्हाडातील दोन प्रमुख शहरे. दोहोंमधील अंतर सुमारे शंभर किलोमीटर. १९६९ मध्ये अकोल्यास कृषी विद्यापीठ स्थापन झाले. १९८३ मध्ये अमरावतीस विद्यापीठ आणि महानगरपालिका ही दोन्ही आली. अकोल्याची महानगरपालिका २००१ मध्ये अस्तित्वात आली. शाळा, महाविद्यालये, बँका, जिल्हा परिषदा आणि शासकीय कार्यालये यांतील नोकरीमुळे स्वतःच्या मिळकतीतून घर घेणाऱ्या स्त्रियांचा एक वर्ग या शहरांत निर्माण झाला. जठारपेठेत किंवा गोरक्षण मार्गावर घेतलेले दोन खोल्यांचे घर, पुढे विवाह, अमरावतीस बदली आणि रुक्मिणीनगरातील सासरी वास्तव्य, असा क्रम अनेक कुटुंबांत आढळतो. मागे राहिलेले घर भाड्याने दिले जाते आणि काही वर्षांनी ते विकण्याचा विचार सुरू होतो.

या टप्प्यावर दोन प्रश्न हमखास उपस्थित होतात. मालक त्या घरात राहत नसून ते भाड्याने दिलेले असल्यामुळे भांडवली नफ्यावरील कराची सवलत जाते काय, हा पहिला प्रश्न. विवाहानंतर भाडे आणि विक्रीचा नफा कोणाच्या हिशेबात धरायचा, पत्नीच्या की पतीच्या, हा दुसरा. दोन्ही प्रश्नांची उत्तरे कायद्यात स्पष्ट आहेत. तरीही ऐकीव माहितीवर विसंबून घरे वर्षानुवर्षे कुलूपबंद ठेवली जातात किंवा घाईने पतीच्या नावे केली जातात. नुकसान बहुधा स्त्रीचे होते, आणि ते केवळ कराच्या रकमेपुरते मर्यादित राहत नाही.

कराची पूर्वपीठिका

घर, जमीन, दागिने यांसारखी भांडवली मत्ता विकून मिळणाऱ्या नफ्यावर भारतात प्रथम १९४७ च्या कायद्याने कर बसविण्यात आला. १ एप्रिल १९४८ पासूनच्या व्यवहारांना तो लागू राहिला नाही. १९५६ मध्ये त्याची पुन्हा तरतूद झाली आणि पुढे प्राप्तिकर अधिनियम, १९६१ मध्ये त्यास कायमचे स्थान मिळाले.

राहते घर विकून दुसरे घर घेणाऱ्यास या करातून सूट देणारे कलम ५४ त्याच अधिनियमात आहे. या कलमाच्या मूळ शब्दरचनेत एक महत्त्वाची अट होती. विक्रीच्या लगतपूर्वीच्या दोन वर्षांत ते घर करदात्याने स्वतःच्या अथवा आईवडिलांच्या राहण्यासाठी मुख्यतः वापरलेले असावे लागे. घर भाड्याने दिले असेल तर ही अट मोडत असे आणि सूट मिळत नसे. १९८२ च्या वित्त अधिनियमाने ही अट काढून टाकली व तो बदल १ एप्रिल १९८३ पासून अमलात आला.

‘घर भाड्याने दिले की सवलत गेली’ ही समजूत म्हणजे निव्वळ अफवा नव्हे. १९८३ पूर्वीच्या कायद्याची ती आठवण आहे. कायदा बदलून चार दशके उलटली, परंतु समजूत तशीच राहिली.

परदेशस्थ नातेवाइकांच्या सल्ल्यानेही या समजुतीस बळ मिळते. ब्रिटनमध्ये मुख्य निवासस्थान म्हणून घर जितका काळ वापरले तितक्या काळापुरती सूट मिळते. घर सोडल्यानंतरच्या काळापैकी शेवटचे ९ महिने तेवढे, एप्रिल २०२० पासूनच्या नियमानुसार, त्यात धरले जातात. विवाहित दांपत्यास मिळून एकच मुख्य निवासस्थान मानता येते. अमेरिकेत विक्रीपूर्वीच्या पाच वर्षांपैकी किमान दोन वर्षे त्या घरात वास्तव्य असावे लागते. त्या देशांत विवाहानंतर जुने घर भाड्याने देण्याचा परिणाम करावर होतो. भारतातील कायद्याची रचना वेगळी आहे. येथे घरात कोण राहत होते यापेक्षा ते कोणाच्या मालकीचे होते, किती काळ होते आणि विक्रीची रक्कम कशात गुंतविली गेली, हे पाहिले जाते.

विवाह आणि मालकी

विवाहामुळे स्थावर मालमत्तेची मालकी बदलत नाही, हे या विषयातील पहिले तत्त्व होय. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम १४ नुसार हिंदू स्त्रीने विवाहापूर्वी वा विवाहानंतर मिळविलेली मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची असते. मुस्लिम कायद्यातही पत्नीची मालमत्ता तिचीच राहते. विवाहित स्त्रीची स्वतःची कमाई ही तिची स्वतंत्र संपत्ती होय, असे १८७४ चा विवाहित स्त्रियांचा मालमत्ताविषयक अधिनियम सांगतो. अर्थात अकोल्यातील घराचे भाडे हे पत्नीचे उत्पन्न आहे आणि घर विकल्यास होणारा नफाही तिचाच आहे. पतीच्या विवरणपत्रात तो दाखविणे चूक ठरते.

यास भारतात एक मोठा अपवाद आहे, तो गोव्याचा. तेथे लागू असलेल्या पोर्तुगीज दिवाणी संहितेनुसार पती-पत्नींमध्ये मालमत्तेची सामाईक मालकी निर्माण होते. त्यामुळे प्राप्तिकर अधिनियमाच्या कलम ५-अ प्रमाणे घरभाडे व भांडवली नफा दोघांत समसमान विभागला जातो. वेतन मात्र ज्याचे त्याच्याकडे राहते. महाराष्ट्रात असा नियम नाही.

भाड्याचा हिशेब

भाड्याने दिलेल्या घराचे उत्पन्न ‘गृहसंपत्तीपासून उत्पन्न’ या शीर्षाखाली येते. वर्षाच्या भाड्यातून मालकाने प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी प्रथम वजा होते. उरलेल्या रकमेतून दुरुस्ती इत्यादींसाठी सरसकट ३० टक्के वजावट मिळते. त्यासाठी पावत्या लागत नाहीत. घरकर्जावरील व्याज त्यानंतर वजा केले जाते.

समजा, दरमहा भाडे ६,००० रुपये आहे. वर्षाचे ७२,००० रुपये झाले. घरपट्टी ४,००० रुपये भरली असल्यास ६८,००० उरतात. त्यातून ३० टक्के म्हणजे २०,४०० रुपये वजा जाता ४७,६०० रुपये करपात्र उत्पन्न राहते. ही रक्कम पत्नीच्या विवरणपत्रात दरवर्षी दाखविणे तिच्याच हिताचे आहे. घर तिचे होते, ते निवासी होते आणि त्याचे भाडे तिला मिळत होते, याचा तो सलग पुरावा ठरतो.

भाड्याने देण्याविषयी वऱ्हाडात जी धास्ती आढळते, तिचे एक कारण जुन्या भाडेनियंत्रणात आहे. विदर्भास मध्यप्रांत व वऱ्हाड यांसाठीचा १९४९ चा घरभाडे नियंत्रण आदेश लागू होता. भाडेकरूस घर सोडण्याची नोटीस देण्यापूर्वी घरमालकास भाडे नियंत्रकाची लेखी परवानगी घ्यावी लागे. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ संपूर्ण राज्यास लागू झाला आणि तो आदेश संपुष्टात आला. नव्या अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा अथवा ‘लिव्ह अँड लायसन्स’चा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. मुदत संपूनही निवासी जागा न सोडणाऱ्या परवानाधारकाविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. करार नोंदलेला असल्यास घर परत मिळण्याची चिंता बरीच कमी होते.

विक्रीवरील कर

घर २४ महिन्यांपेक्षा अधिक काळ मालकीचे असेल तर नफा दीर्घ मुदतीचा समजला जातो. २३ जुलै २०२४ पासून होणाऱ्या विक्रीवर अशा नफ्यास १२.५ टक्के दर लागू आहे आणि महागाई निर्देशांकाचा लाभ त्यात मिळत नाही. तथापि त्या दिनांकापूर्वी घर घेतलेले असेल आणि करदाता भारतातील निवासी व्यक्ती असेल, तर निर्देशांकासह २० टक्के या जुन्या रीतीने कर कमी येत असल्यास त्याहून अधिक कर द्यावा लागत नाही. परदेशात स्थायिक झालेल्या अनिवासी मालकास हा पर्याय उपलब्ध नाही.

उदाहरणार्थ, एका शिक्षिकेने २००८-०९ मध्ये अकोल्यात ८,००,००० रुपयांस घर घेतले आणि २०२५-२६ मध्ये ते ४०,००,००० रुपयांस विकले, असे समजू. पहिल्या रीतीने नफा ३२,००,००० रुपये व त्यावर १२.५ टक्के दराने कर ४,००,००० रुपये होतो. दुसऱ्या रीतीत २००८-०९ चा निर्देशांक १३७ आणि २०२५-२६ चा ३७६ घेतल्यास खरेदीची सुधारित किंमत सुमारे २१,९५,६२० रुपये येते. नफा १८,०४,३८० रुपये व त्यावर २० टक्के दराने कर सुमारे ३,६०,८७६ रुपये. या उदाहरणात दुसरी रीत फायद्याची ठरते. उपकर याहून वेगळा. विवाहानंतर नोकरी सोडलेल्या स्त्रीचे अन्य उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा कमी असेल, तर त्या मर्यादेचा शिल्लक भाग, ती भारतात निवासी असल्यास, या नफ्यातून वजा होतो.

खरेदीखतात दाखविलेली किंमत मुद्रांक शुल्काच्या मूल्यांकनापेक्षा कमी असल्यास सावध राहावे. मूल्यांकन खरेदीखतातील किमतीच्या ११० टक्क्यांहून अधिक असेल, तर कलम ५०-क प्रमाणे ते मूल्यांकनच विक्रीची किंमत मानले जाते. म्हणून सौदा ठरविण्यापूर्वी दुय्यम निबंधक कार्यालयातून वार्षिक मूल्यदर तक्त्यातील दर पाहून घ्यावा.

सूट आणि नव्या घरावरील नाव

कलम ५४ ची सूट निवासी घरास मिळते. ते स्वतःच्या वापरात होते की भाड्याने दिले होते, याने फरक पडत नाही. विक्रीपूर्वी एक वर्षात अथवा विक्रीनंतर दोन वर्षांत भारतात दुसरे निवासी घर विकत घ्यावे, किंवा तीन वर्षांत बांधावे. वरील उदाहरणातील शिक्षिकेने ३२,००,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम नव्या घरात घातल्यास कोणत्याही रीतीने करपात्र नफा उरत नाही. नफा २ कोटी रुपयांपर्यंत असल्यास आयुष्यात एकदा दोन घरे घेण्याचा पर्यायही आहे. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत रक्कम खर्च झाली नसेल, तर ती १९८८ च्या भांडवली नफा खाते योजनेखाली बँकेत ठेवावी लागते. ग्रामीण शाखांत हे खाते उघडता येत नाही. त्यासाठी शहरातील शाखेत जावे लागते. नवे घर तीन वर्षांच्या आत विकल्यास मिळालेली सूट मागे घेतली जाते.

कुटुंबांची चूक बहुधा येथे होते. पत्नीच्या घराचे पैसे येतात आणि अमरावतीतील नवे घर ‘घरातील कर्ता’ म्हणून पतीच्या किंवा मुलाच्या नावे घेतले जाते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर २००८ मध्ये अशा स्वरूपाचे एक प्रकरण आले. त्यात मालमत्ता विकणाऱ्याने दत्तक पुत्राच्या नावे घर घेतले होते. कलम ५४ शी जवळचे नाते असलेल्या कलम ५४-फ खालील सूट न्यायालयाने नाकारली. नवे घर करदात्याच्या स्वतःच्या मालकीचे असले पाहिजे, असा निर्णय दिला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पत्नीच्या नावे घेतलेल्या घरास सूट मान्य केली आहे. तथापि अमरावती व अकोला हे जिल्हे नागपूर खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येत असल्यामुळे येथील करदात्याने तेथील निर्णयास अनुसरूनच व्यवहार करणे इष्ट होय.

नवे घर पत्नीच्या नावे घेण्यात आणखी एक लाभ आहे. निवासी घर केवळ स्त्रीच्या नावे खरेदी केल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत राज्य शासनाने १ एप्रिल २०२१ पासून दिली आहे. असे घर १५ वर्षे पुरुषास विकू नये ही सुरुवातीची अट २०२३ मध्ये काढून टाकण्यात आली. पतीनेही रक्कम घातली असल्यास दोघांची नावे लावून कोणाची किती रक्कम हे खरेदीखतात नमूद करावे.

बक्षीसपत्राचा मोह

निवासी घर पती, पत्नी किंवा मुलांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे; इतर आकार वेगळे. त्यामुळे ‘घर पतीच्या नावे करून टाकावे, म्हणजे कराची कटकट संपेल’ असा सल्ला सहज दिला जातो. वास्तविक कर त्यामुळे टळत नाही. पुरेसा मोबदला न घेता पत्नीने घर पतीस दिले, तरी कलम २७ नुसार भाड्यापुरती तीच मालक समजली जाते आणि पुढे पतीने घर विकल्यास नफा कलम ६४ नुसार तिच्याच उत्पन्नात मिळविला जातो. पतीने पत्नीस घर दिल्यासही हाच नियम उलट बाजूने लागू होतो. हस्तांतराच्या दिवशी आणि उत्पन्न होण्याच्या दिवशी, अशा दोन्ही वेळी पती-पत्नी हे नाते असले तरच हा नियम लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये स्पष्ट केले आहे.

परिणाम असा की कराचा भार पत्नीवर राहतो, मालकी मात्र तिच्या हातून जाते. पुढे वैधव्य, वाद किंवा विभक्तपणा ओढवला तर स्वतःच्या कमाईच्या घरावरील तिचा हक्क सिद्ध करणे कठीण होऊन बसते.

माहेरचे वारसाहक्काचे घर

घर वडिलांकडून वारसाने किंवा मृत्युपत्राने आलेले असेल, तर ते मिळताना भांडवली नफ्याचा कर लागत नाही. पुढे विक्री केल्यास वडिलांनी दिलेली किंमत हीच तिची किंमत धरली जाते आणि वडिलांच्या मालकीचा काळही तिच्या काळात मोजला जातो. निर्देशांक लावावा लागल्यास तोही वडिलांच्या मालकीच्या वर्षापासून घ्यावा, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला. घर १ एप्रिल २००१ पूर्वीचे असल्यास त्या दिवशीचे रास्त बाजारमूल्य खरेदीची किंमत म्हणून घेता येते. मात्र मुद्रांक मूल्यांकन उपलब्ध असल्यास त्याहून अधिक घेता येत नाही. यासाठी नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाचा अहवाल घेऊन ठेवावा.

बहिणींकडून भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून घेण्याची चाल वऱ्हाडात सर्वत्र आहे. सही करण्यापूर्वी बहिणीस आपला हिस्सा किती, हे कळले पाहिजे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगी जन्मतः सहदायाद आहे, हे २००५ च्या दुरुस्तीने ठरविले आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. विवाहाने तो हक्क जात नाही. हिस्सा मोबदला घेऊन सोडल्यास मात्र त्या रकमेवर भांडवली नफ्याचा विचार करावा लागतो.

गावातील घर आणि शेत

दर्यापूर किंवा मूर्तिजापूर तालुक्यातील एखाद्या खेड्यात एक वेगळाच गैरसमज आढळतो. ग्रामीण शेतजमीन ही भांडवली मत्ता नसल्याने तिच्या विक्रीवर हा कर नाही, म्हणून गावातील घरावरही तो नसावा, असे मानले जाते. ते बरोबर नाही. सूट ग्रामीण शेतजमिनीस आहे, घरास नाही. जमीन ग्रामीण ठरण्यासाठीही ती नगरपालिका वा महानगरपालिकेच्या हद्दीपासून, तेथील लोकसंख्येनुसार, सरळ रेषेत २, ६ किंवा ८ किलोमीटरच्या पलीकडे असावी लागते.

गावच्या घराचा पुरावा म्हणून लोक ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवितात. ती कर आकारणीची नोंद आहे. केवळ तिच्या आधारे मालकी निर्माण होत नाही. शहरात आखीव पत्रिका, खरेदीखत आणि घरपट्टीच्या पावत्या एकत्र असाव्यात. नझूल जमिनीवरील घर विकण्यापूर्वी भाडेपट्ट्याच्या अटी अवश्य तपासाव्यात.

पंचायत आणि शिक्षक यांचे कार्य

अकोल्याच्या खरेदीखतावर माहेरचे नाव आणि पॅनकार्डावर सासरचे, यामुळे अनेक विक्रीव्यवहार ऐनवेळी अडतात. महाराष्ट्रात १९९८ च्या अधिनियमाखाली विवाहाची नोंदणी करता येते व त्याचे प्रमाणपत्र दोन्ही नावे एकाच स्त्रीची असल्याचे दाखविण्यास उपयोगी पडते. पंचायत सदस्यांनी प्रत्येक विवाहाची नोंद वेळेवर होईल असे पाहिल्यास पुढील अडचण आधीच दूर होईल. शिक्षकांनी पालकसभांत आणि महिला मंडळांत खरेदीखत, कर्जाचे हप्ते, घरपट्टी, भाडेकरार व दुरुस्तीचा मोठा खर्च यांची कागदपत्रे स्त्रीने स्वतःजवळ जपून ठेवण्याचे महत्त्व सांगावे.

१९६१ च्या अधिनियमाची जागा घेण्यासाठी प्राप्तिकर अधिनियम, २०२५ संमत झाला असून त्याच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ हा दिनांक ठरविण्यात आला. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत; येथे जुने, परिचित क्रमांक दिले आहेत. प्रत्यक्ष व्यवहारापूर्वी त्या वर्षाचे दर आणि मुदती जाणकार कर सल्लागाराकडून पडताळून घ्याव्यात.

विवाहापूर्वीचे घर भाड्याने दिल्याने सूट जात नाही. ती जाण्याचा धोका असतो तो नव्या घरावर दुसऱ्याचे नाव लागल्याने आणि मुदत टळल्याने. ज्या स्त्रीने घर घेतले, भाडे तिच्या खात्यात जमा व्हावे, कर तिच्या नावे भरला जावा आणि त्या घराच्या पैशातून उभे राहणारे पुढचे घरही तिच्याच नावे असावे. कायद्याची अपेक्षा हीच आहे आणि कुटुंबाचे हितही त्यातच आहे.